वस्ती की वसाहत, आणि त्या ढिगाला म्हणायचं काय?

प्रश्न असा आहे की बोलिव्हियातल्या दहा हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवरच्या लेखात 'शिकारी-संग्राहकांची वसाहत' लिहिलंय ते बरोबर का, आणि तिथल्या शिंपल्यांच्या ढिगाला उकिरडा म्हणावं का.

वसाहत नकोच. वसाहत म्हटलं की पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत नाहीतर इंग्रजांची वसाहत, कुणीतरी ठरवून वसवलेली. सरळ वस्ती लिहा. वस्तीची एसटी रात्री मुक्कामाला येते नि पहाटे निघून जाते, आणि पिढ्यानपिढ्या नांदते ती पण वस्तीच, त्यामुळे हे लोक तिथं बारमाही होते की हंगामापुरते यात न अडकता शब्द वापरता येतो. (संग्राहक म्हणजे इथं रानातलं अन्न गोळा करून जगणारे; तो शब्द ऐकला की मला पोस्टाची तिकिटं जमवणारे आठवतात, पण तो शब्द आता रुळलाय, राहू द्या.)

उकिरड्याचं जरा बघून. लेखातली जागा, यानोस दे मोहोस, हा बोलिव्हियातला, अॅमेझॉन खोऱ्याच्या दक्षिणेकडचा सखल गवताळ भाग, पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी आणि मधेमधे झाडी असलेले उंचवटे. त्यातले काही, उदा. इस्ला देल तेसोरो, माणसांच्या राहण्यातून तयार झालेत हे संशोधक उम्बेर्तो लोम्बार्डो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. खाली गोगलगायींच्या कवचांचा जाड थर, त्यावर भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचा पातळ थर, सगळ्यात वर काळी माती आणि तिच्यात खापरं, हाडांची हत्यारं, माणसांची हाडं. आता जिथं राहिले, जेवले, आपली माणसं पुरली त्याला उकिरडा कसं म्हणायचं? उकिरडा घराबाहेर असतो आणि शेवटी खत होऊन शेतात जातो.

आपल्याकडे याला पांढर म्हणतात की. कसायची ती काळी आणि राहायची ती पांढरी, राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत साचत झालेली. उत्खननवाले 'पांढरीचं टेकाड' सर्रास बोलतात. तिथला वरचा थर काळा आहे म्हणून कुणी हरकत घेईल, पण पांढरी म्हणजे मुळात वस्तीची जमीन, रंग नंतर बघायचा. फक्त मूळ अर्थ गावाचा, म्हणून पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत खुलासा द्या.

आणि शिंपले तेवढे काढा, शिंपल्याला दोन झडपा असतात, तिथं सापडलीत ती गोगलगायींची कवचं.