बागेत आलेलं प्लास्टिक बाहेर कधी जाणार?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. जूनमध्ये तू शिकवतेस ती शाळा उघडली की मुलांकडून प्रत्येकी पाच बाटल्या मागवायच्या आणि त्यांची बाग करायची, असं तू ठरवलंयस. बाग जरूर कर. बाटल्या मात्र मागवू नकोस.

मी शिकवत असताना मागवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी दोन नव्याकोऱ्या बाटल्या घेऊन आली. वरचा कागदसुद्धा चुरगळलेला नव्हता. जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, तिच्या घरी बाटली नव्हतीच. हंडा, कळशी आणि तांब्या, एवढ्यावर त्यांचं घर चालायचं. बाईंनी सांगितलंय म्हणून वडिलांनी बंदरावरच्या दुकानातून थंड पेयाच्या दोन बाटल्या विकत घेतल्या, पेय पातेल्यात ओतलं आणि बाटल्या धुऊन दप्तरात घातल्या. ज्या घरात प्लास्टिक नव्हतं तिथे ते मी पाठवलं होतं. ही गोष्ट मला आजही बोचते, म्हणून तुला पहिल्यांदा तीच सांगितली.

तेव्हा पहिले आठ दिवस काहीच लावायचं नाही. जे आधीच आलेलं आहे ते मुलांना बघू दे. पोषण आहाराच्या तेलाचे कॅन, तांदळाच्या गोणी, चहाच्या टपरीवरच्या दुधाच्या पिशव्या, रंगकाम झाल्यावर कोपऱ्यात पडलेल्या बादल्या. सगळं धुवायचं, व्हरांड्यात गोणपाट पसरायचं आणि निवडायला बसायचं. भांड्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा. तो शोधायला मुलांना फार आवडतं, बाटली उलटी करून डोळ्याला लावतात. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ म्हणजे एचडीपीई, जाड दुधी रंगाचे कॅन. ४ म्हणजे पिशव्यांचं मऊ प्लास्टिक, ५ म्हणजे पॉलीप्रोपिलीन, रंगाच्या बादल्या बहुतेक याच्या. ३ हे पीव्हीसी आणि ६ ही थर्माकोलची जात. या दोन्हींत खायची भाजी लावायची नाही. ज्यावर आकडाच नाही तेही बाजूला.

राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तू देशभर बंद झाल्या. मुलांना हे पाठ असतं. पण गोणपाटावर जो ढीग पडतो त्यातला मोठा भाग, म्हणजे बाटल्या, दुधाच्या पिशव्या, खाऊची चकचकीत पाकिटं, त्या बंदीत नाहीच. हे त्यांना ढिगाकडे बघूनच कळू दे.

निवडताना एखादं मूल सांगेल की आमच्याकडे पिशव्या चुलीत घालतात. रागावू नकोस. आषाढात लाकडं ओली असतात, पेट घेत नाहीत, आणि पिशवी पटकन पेटते. त्या धुरात आईच बसलेली असते. पीव्हीसी जळलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात, हे सांग, आणि लगेच उपायही सांग. करवंट्या आणि नारळाची सुकी सोडणं मेमध्येच माळ्यावर भरून ठेवली की पावसात चूल पेटायला पिशवी लागत नाही.

आता माझ्या मोठ्या चुकीबद्दल. दुधाच्या पिशव्यांत आम्ही रातांब्याची आणि काजूची रोपं केली. चांगली दोनशे. जुलैमध्ये शाळेमागच्या उतारावर लावली. पिशवी काढताना मातीचा गोळा फुटतो म्हणून मुलांना सांगितलं, तळाला एक चीर द्या आणि पिशवीसकट लावा, मूळ आपली वाट शोधेल. दोन वर्षांनी त्याच जागी सुरण लावायला कुदळ मारली. एका मुलाने ओंजळभर माती उचलून माझ्यापुढे धरली. त्यात निळ्या-पांढऱ्या कपच्या होत्या, नखाएवढ्या, काही तांदळाच्या कणीएवढ्या. वेचायला बसलो. चिमटीत धरली की कपचीचे दोन तुकडे व्हायचे, त्यांचे आणखी चार. संध्याकाळपर्यंत एक वाफाही स्वच्छ झाला नाही. भिंगाखाली माती धरली तेव्हा डोळ्यांना न दिसणारेही कण दिसले. तो कचरा एरवी एका पोत्यात मावला असता. आमच्या हातांनी आम्ही तो अख्ख्या उतारावर पेरला होता.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. बागेत येणारी प्रत्येक बाटली, कॅन, गोणी त्यात चढायची. काय आहे, कधी आलं, कुठे लावलं आणि बाहेर कधी जाणार. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती वस्तू बागेत येत नाही. तू बाकी माझं काही ऐकलं नाहीस तरी चालेल, ही वही तेवढी घाल. पाचवीतली मुलं ती फार नेटाने सांभाळतात.

कोणती वस्तू किती टिकते हे तुला वर्षभरात हाताला कळेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक आतून तडकत जातं. सगळ्यात फसवी विणलेली गोणी. एक पावसाळा छान उभी राहते, मार्चच्या उन्हात तिचे धागे सुटू लागतात आणि मग वाऱ्यावर उडतात. तिला सावलीतच ठेव आणि उन्हाळ्याच्या आधी रिकामी कर. पाण्याची बाटली उन्हात एक वर्ष, फार तर दोन. जाड कॅन त्याहून बराच जास्त. दर महिन्याला मुलांनी अंगठ्याने दाबून बघायचं. मऊ दबली तर राहू दे. करकर वाजली आणि पांढरी रेघ उमटली तर त्याच दिवशी माती काढून धुवायची. अख्खी आणि स्वच्छ बाटली भंगारवाला वजनावर घेतो, चुरा कोणी घेत नाही.

खाऊच्या पाकिटांना मात्र भंगारातही किंमत नाही, कारण त्यांत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती धुऊन, वाळवून बाटलीत काठीने ठासून भरायची. लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम बसली पाहिजेत, नाहीतर ती दबते. अशा बाटल्यांची वाफ्याला कड करता येते, पण वर मातीचा जाड लेप हवा. आणि याही वहीत चढवायच्या.

तू घाटावरची, म्हणून पावसाबद्दल सांगते. सोलापूरकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. इथे कोकणात सुमारे तीन हजार, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तिकडे कुंडीला एक भोक पुरतं. इथे तळाला सहा-सात हवीत आणि बोटभर वर बाजूला आणखी दोन. भोकं दाभणाने तूच पाड, मुलांच्या हातात तापलेला खिळा देऊ नकोस. कापलेली कड दुमडून चिकटपट्टी लाव. कुंडी पागोळ्यांखाली ठेवशील तर दोन तासांत माती उकरून रोप उघडं पडेल.

तुझी शाळा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आहे, चहूकडे जांभा दगड. तिथे कुंड्यांना खरा अर्थ आहे, कारण कातळावर माती वीतभरही नाही. पण शाळेमागे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला जी थोडी माती साचलीय तिथे प्लास्टिक नेऊ नकोस. वेल तिथेच, जमिनीत. कुंडीसाठी दोन घमेली माती, एक शेणखत, एक कुजलेला पालापाचोळा आणि तळाला सोडणाचे तुकडे. आपली माती आम्लधर्मी आणि पाणी न धरणारी, तिला पाचोळा लागतोच. बाटली आडवी कापून तिच्यात लाल माठाचं बी टाक. महिन्याभरात मुलं पोषण आहारासाठी पहिली जुडी घेऊन जातील, आणि ज्या दिवशी स्वतःचा माठ ताटात येतो त्या दिवशी ताटात काही उरत नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये मिरची, रंगाच्या बादलीत वांगं. पण बादली नीट खरवडून, आत रंगाचा एक पापुद्राही न ठेवता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार चवळी आणि कोकण तारा कारली मिळाली तर घे, आपल्या हवेसाठीच काढलेली वाणं आहेत.

बादली कुठून आली हे विचारण्याइतकंच कॅनमध्ये काय होतं हे विचारणं महत्त्वाचं. एकदा एका मुलाने दोन सुंदर पांढरे कॅन आणले. मिरचीची रोपं त्यांत लावली आणि ती वाढेचनात. पानं गडद हिरवी, पेरं एकमेकांत घुसलेली, दीड महिन्यात वीतभरही उंची नाही. मी खताला दोष देत राहिले. मग त्याच्या आजोबांकडून कळलं, हापूसला मोहोर लवकर यावा म्हणून कलमांच्या बुंध्याशी घालतात त्या पॅक्लोब्युट्राझोलचे ते कॅन. ते औषध झाडाची वाढच रोखतं. मिरची वाढली नाही म्हणून कळलं तरी. फवारणीच्या कीटकनाशकाचा कॅन असता तर काहीच दिसलं नसतं आणि मिरच्या मुलांनी खाल्ल्या असत्या. आपल्याकडे बागायत घरोघरी, त्यामुळे हे कॅन घरोघरी. औषधाचा कॅन कितीही धुतलेला असो, शाळेच्या पायरीवर चढू द्यायचा नाही. पालकसभेत हे स्वतः बोल, चिठ्ठीवर सोपवू नकोस.

डासांचंही तसंच. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, झाकणभर पाणीसुद्धा त्याला पुरतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणून दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी प्रत्येक कुंडी, ताटली, झाकण उपडं करायचं. अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायचंही. गणपतीच्या सुट्टीत हे काम कोण करणार ते आधीच ठरव.

किनाऱ्यावर मुलांना पावसाळ्यात नेऊ नकोस. समुद्र सगळं बाहेर टाकत असतो, मोह होतो, पण लाट सांगून येत नाही. नवरात्रानंतर ने, सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओहोटी दुपारी येते आणि पाणी शांत असतं. हातमोजे सगळ्यांना, आणि सुई किंवा काच दिसली तर हात न लावता तुला हाक मारायची. तिथे मिळेल ते आधी गोड्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेव, मीठ गेल्याशिवाय मातीजवळ नको.

तिथे तुला मासेमारीची तुटकी जाळी मिळतील. मांडवाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, पडवळ आणि दोडका त्यावर झरझर चढतात. आम्ही एक जाळं कोंबड्या उकरतात म्हणून कुंपणाला जमिनीपर्यंत सोडलं होतं. सोमवारी सकाळी मुलं धावत आली. धामण अडकली होती. पुढे जायला धडपडली तसे नायलॉनचे फास खवल्यांखाली रुतत गेले होते. गावातल्या जाणत्या माणसाने शिवणकामाची कात्री मागवली आणि एकेक धागा कापला. पाऊण तास लागला. पस्तीस मुलं इतकी गप्प मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. धामण गेली, पण अंगावर तीन जखमा घेऊन. तेव्हा जाळं जमिनीपासून निदान हातभर वर, ताणून बांधलेलं, लोंबता पदर कुठेही नको. खालून कोंबड्यांसाठी बांबूच्या चिवा किंवा झावळाची वई घाल.

मे महिन्याचं तू विचारलं आहेस. सुट्टीत विहिरीचं पाणी तळाला जातं आणि मुलंही नसतात. बाटलीच्या झाकणाला सुईने एक भोक पाडून ती मिरचीच्या बुंध्याशी उलटी रोवायची, तळ कापून टाकायचा म्हणजे वरून पाणी भरता येतं. भोकात सुती चिंधीची वात ओवली की थेंब आणखी हळू पडतो. शाळेशेजारच्या घरांतली चार मुलं दोन दिवसांनी एकदा भरत गेली तरी झाडं जगतात. ज्या कुंड्या जगवता येणार नाहीत त्या मार्चअखेर रिकाम्या कर, धू, वहीत काट मार आणि भंगारात दे. उन्हात रिकामी कुंडी ठेवणं म्हणजे तिचा चुरा व्हायची वाट बघणं.

सोबत पडवळाच्या बारा बिया पाठवते आहे, आमच्या आगरातल्याच. राखेत घोळवून कागदात बांधल्या आहेत. लावायच्या आदल्या रात्री भिजत घाल, साल कठीण असते. आळी गडग्याच्या उगवतीला कर, तिथे सकाळचं ऊन येतं. आणि मांडव आधी बांध. वेल वर यायला लागला की बांधायला उशीर झालेला असतो.

तुझी,
बाई