कन्येने वकीलपत्रावर सही केली नाही, ते योग्यच झाले

आदरणीय वकीलसाहेब,

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपण तालुक्याच्या न्यायालयात अठ्ठावीस वर्षे दिवाणी वकिली करीत आहात. आपल्या कन्येने पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण केला, अखिल भारतीय बार परीक्षाही ती उत्तीर्ण झाली आणि गेले वर्षभर ती आपल्याच कार्यालयात काम करीत आहे. तिने एलएल.एम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी करावी का, न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसावे का, जिल्ह्याचा वकील संघ नवे कायदे आणि व्यावसायिक नीती या विषयांवर शनिवारी जी व्याख्याने ठेवतो त्यांत तिने वेळ घालवावा का, आणि ‘तिला थोडी व्यवहारी कशी करावी’, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देतो. अध्यापन किंवा संशोधन करायचे असेल तर एलएल.एम. जरूर करावे, तालुका न्यायालयातील वकिलीसाठी त्याची आवश्यकता नाही. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली असल्यामुळे, वर्षभराच्या अनुभवावर हा विषय घरात रोज काढण्यात अर्थ नाही. तिला स्वतःला त्या वाटेने जायचे आहे किंवा नाही, याविषयी आपल्या पत्रात एक शब्दही नाही, हे मात्र मला खटकले.

मला खरी काळजी वाटली ती चौथ्या प्रश्नाची आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आपण सांगितलेल्या प्रसंगाची. २०१७ मध्ये एक विवाहित भगिनी वडिलोपार्जित जमिनीतील हिश्श्याबाबत सल्ला घेण्यासाठी आपल्याकडे आल्या होत्या. त्यांचे लग्न १९९० मधील, वडील २००१ मध्ये वारलेले. वडील २००५ पूर्वीच गेल्यामुळे भावांच्या बरोबरीने वाटा मागता येणार नाही, असे आपण त्यांना सांगितले आणि त्या परत गेल्या. आता त्यांनी दुसऱ्या वकिलामार्फत वाटणीचा दावा दाखल केला आहे, आणि त्यांचे भाऊ चांगली फी घेऊन आपल्याकडे आले आहेत. बाईंनी आपल्याला ओळखल्यास अडचण येईल म्हणून वकीलपत्रावर कन्येने सही करावी, असे आपण तिला सांगितले. तिने नकार दिला. तेव्हापासून घरात दोघांचे बोलणे बंद आहे आणि निरोप तिच्या आईमार्फत जातात.

वकीलसाहेब, स्पष्टच लिहितो. या प्रसंगात व्यवहार कळतो तो कन्येला. अडचण येईल हे आपल्यालाही ठाऊक होते, म्हणून तर स्वतःच्या सहीऐवजी तिची सही हवी होती. ज्या कामावर अठ्ठावीस वर्षांच्या वकिलाला आपले नाव नको आहे, त्यावर एका वर्षाच्या वकिलाचे नाव घालायला सांगणे हे तिला व्यवहार शिकवणे नव्हे. काही चुकले असते तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली नोटीस तिला आली असती. त्या कलमाखाली ताकीद, काही काळासाठी वकिलीची सनद निलंबित होणे आणि वकिलांच्या पटावरून कायमचे नाव कमी होणे इतपत शिक्षा होऊ शकतात. सुरुवातीच्याच वर्षी अशी तक्रार आलेल्या वकिलाकडे पक्षकार कोणत्या विश्वासाने येणार, याचा आपण विचार केलेला दिसत नाही.

‘त्या बाईंचे वकीलपत्र मी कधी घेतले नाही, फीही घेतली नाही, मग त्या माझ्या अशील कशा?’ असे आपण विचारता. हा गैरसमज बार रूममध्ये सर्रास ऐकू येतो आणि तो अगदी ज्येष्ठ वकिलांनाही असतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांतील नियम ३३ वकीलपत्रापासून सुरू होत नाही. दावा दाखल करण्याच्या संदर्भात ज्याने कधीही सल्ला दिला असेल, लेखी निवेदनांचा मसुदा केला असेल किंवा पक्षकारासाठी काम केले असेल, त्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे नुसता सल्लाही पुरेसा आहे. फीची पावती नियमाने विचारलेली नाही. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी गुप्त ठेवण्याचे बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, ते आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपल्यावरही ते सुटत नाही आणि वकिलाच्या कारकुनालाही ते लागू होते. त्या भगिनींनी २०१७ मध्ये कोणते कागद दाखवले, कोणत्या नातेवाइकाविषयी काय सांगितले, हे आपल्याला आठवत असणारच. त्याच कार्यालयात, त्याच टेबलाशी बसणाऱ्या मुलीची सही घेतल्याने ती माहिती भिंतीपलीकडे जात नाही.

आता ज्या गोष्टीचा आपण पत्रात ओझरता उल्लेख केला आहे, तिच्याकडे वळतो. २०१७ मध्ये आपण दिलेला सल्ला त्या दिवशी चुकीचा नव्हता. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाला महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच वाटेकरी असण्याचा, हक्क दिला, तरी २२ जून १९९४ पूर्वी ज्यांचे लग्न झाले होते त्यांना वगळले. १९९० मध्ये लग्न झालेल्या बाई त्यामुळे बाहेरच राहिल्या. त्याच अधिनियमाच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला, परंतु ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलावती या प्रकरणात म्हटले. आपला सल्ला त्यावर आधारलेला होता. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती अट मोडीत काढली: हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. अपवाद राहिला तो २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने पूर्ण झालेल्या वाटणीचा, आणि आपल्याच पत्रानुसार या जमिनीची तशी वाटणी झालेली नाही, सातबाऱ्यावर भावांची नावे केवळ वारसनोंदीने लागली आहेत. आपण मात्र पत्रात आजही ‘वडील २००५ पूर्वीच गेले, त्यामुळे दाव्यात दम नाही’ असे लिहिता. भावांकडून फी घेताना त्यांनाही हेच सांगितले असेल, तर आपण एका पक्षाला कालबाह्य ठरलेला सल्ला दिला आणि आता दुसऱ्या पक्षाला तोच विकत आहात.

शनिवारच्या व्याख्यानांविषयीचे माझे उत्तर यातच आहे. ‘सनद मिळाल्यावर कसले शिक्षण?’ असे आपण लिहिता, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे आपले म्हणणे खरे आहे, कारण १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात वकिलाने दरवर्षी अमुक तास शिकले पाहिजे अशी सक्ती कोठेही नाही. महाराष्ट्रातील डॉक्टरला नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांत पुढील शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण दाखवावे लागतात. सनदी लेखापालांनाही शिक्षणाचे ठरावीक तास पुरे करावे लागतात. न्यूयॉर्क राज्यातील अनुभवी वकिलाला दर दोन वर्षांनी २४ तास भरावे लागतात आणि त्यांतले किमान चार व्यावसायिक नीतीचे असतात. आपल्याकडे एकदा बार परीक्षा झाली की पुढची चाळीस वर्षे कोणी विचारीत नाही. सक्ती नाही म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष मात्र एखाद्या पक्षकाराने काढला तर आपणच त्याला हसाल.

शिवाय राज्याचे कायदे केंद्राच्या कायद्यांपेक्षा कमी गाजावाजा करीत बदलतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली हे रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र अजूनही जुना दंडसंहितेचाच कायदा लागतो, हे नव्या वकिलाला कोणीतरी सांगावे लागते. उलट, दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९-अ, म्हणजे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावरचा आक्षेप आधी निकाली काढायला लावणारा खास महाराष्ट्राचा भाग, २०१८ मध्ये रद्द झाला, त्याची बातमी किती लोकांनी वाचली असेल? जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याचा भंग करून झालेले व्यवहार नियमित करण्याचे शुल्क २०१७ च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत होते, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये निवासी व अन्य बिगरशेती वापराच्या भागांतील जुन्या व्यवहारांसाठी तेही माफ झाले. गुंठेवारीच्या खरेदीबाबत सल्ला देणाऱ्या वकिलाने जुना आकडा सांगितला तर पक्षकाराचे लाखांत नुकसान होते. याउलट महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा सुचवणारे, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले शक्ती विधेयक राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे कायदा झालेच नाही, तरी ‘शक्ती कायद्याखाली गुन्हा नोंदवा’ असा अर्ज लिहून देणारे महाभाग असतात.

कन्येने एका शेतकऱ्याला ‘उगाच परत पाठवले’ अशी आपली आणखी एक तक्रार आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला आलेल्या त्या माणसाला आपल्या कारकुनाने ५०० रुपयांचा मुद्रांक आणायला सांगितले आणि हिने साध्या कागदावर काम होईल असे सांगितले. तिचे म्हणणे बरोबर आहे. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासूनच मुद्रांक शुल्क माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या जागी ५०० रुपये झाले ते इतर दस्तांसाठी. ही माफी कारकुनाला माहीत नसेल तर ते अज्ञान आहे आणि माहीत असून तो मुद्रांक आणायला लावत असेल तर ती लबाडी आहे. शेतकऱ्याच्या खिशातून मात्र दोन्ही वेळा ५०० रुपयेच जातात. नवे कायदे आणि व्यावसायिक नीती हे दोन विषय वकील संघाने एकाच शनिवारी ठेवले आहेत, ते उगाच नव्हे.

आपण विचारलेला नाही असा एक सल्ला आता देतो, आणि तो कदाचित आवडणार नाही. कन्येला निदान दोन वर्षे आपल्या कार्यालयातून बाहेर पाठवा. जिल्ह्याच्या ठिकाणी, आपल्या नात्यातल्या नव्हे अशा एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे तिने ज्युनिअर म्हणून काम करावे, अर्ज स्वतः लिहावेत, उलटतपासणी ऐकावी, चुका कराव्यात आणि त्या चुकांबद्दल बापाकडून नव्हे, सिनियरकडून बोलणी खावीत. ‘माझे नाव, माझे पक्षकार, सगळे तिला आयते मिळते आहे’ असे आपण लिहिले आहे. आयते मिळते त्यात आपल्या जुन्या सवयीही येतात, आणि त्यांना नकार देण्याची किंमत तिला कार्यालयात एकदा आणि रात्री ताटावर पुन्हा मोजावी लागते. सिनियरला ‘हे मी करणार नाही’ असे सांगून संध्याकाळी स्वतःच्या घरी जाता येते. वडिलांना सांगितल्यावर ती सोय नसते. पुढे न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसायचे तिने स्वतः ठरवले, तर तीन वर्षांच्या वकिलीचे प्रमाणपत्र दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून घ्यावे लागते. तेही दुसऱ्याने, तिचे काम पाहून दिलेले असलेले बरे.

कार्यालय कोण सांभाळणार, अशी आपली भीती आहे. ती समजते, साठीकडे झुकताना हाताखाली आपले माणूस असावे असे कोणालाही वाटते. परंतु दोन वर्षांनी ती परत आलीच तर स्वतःच्या मताने परत येईल आणि आपल्या फायली चाळून जुने झालेले सल्ले वेगळे काढण्याइतकी तयार झालेली असेल. न आली तरी ती वकील राहील.

दरम्यान हे प्रकरण मिटवणे आपल्या हाती आहे. भावांचे काम घेऊ नये, आणि आता त्यांचेही कागद पाहिलेले असल्यामुळे त्या भगिनींच्या बाजूनेही उभे राहू नये. भावांनी दिलेले सर्व मूळ दस्त आणि आगाऊ घेतलेली फी परत करून लेखी पोच घ्यावी. फी राहिली म्हणून वकिलाला फाईल अडवून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितले आहे, त्यामुळे त्या विचारात अडकू नये. काम नाकारण्याचे पत्र मात्र कन्येकडून लिहून घेऊ नका. ते आपल्या लेटरहेडवर, आपल्या सहीने जाऊ द्या, आणि त्याची एक प्रत तिच्या टेबलावर ठेवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक