मिठी नदीकाठच्या वस्तीत पुराआधी घरात काय तयारी करतात?

कुर्ल्याच्या क्रांतीनगरसारख्या वस्त्यांमध्ये लोक पावसापेक्षा भरतीची वेळ आधी बघतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मिठीचं पाणी समुद्रात उतरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हापासून ही सवय जास्तच पक्की झाली.

उंबरठा दीड-दोन फूट उंच करतात, पण पाणी बहुतेकदा आधी मोरीतूनच उलटं येतं! म्हणून मोरीच्या तोंडात चिंध्यांचा घट्ट बोळा कोंबून वर वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर उंबऱ्याचा खर्च वाया. प्लग छातीच्या उंचीवर घ्या. रेशनकार्ड, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटमाळ्यावर. रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवा. अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि नळी ओढली जाते. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद.