दुरुस्तीला गेलेला स्विच यादीतून काढावा का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात नेटवर्कवरील उपकरणांवर लक्ष ठेवण्यासाठी झॅबिक्स हे सॉफ्टवेअर वापरले जाते. दुरुस्तीला पाठवलेल्या एका स्विचबद्दल (संगणकांना नेटवर्कने जोडणारे उपकरण) सतत इशारे येत आहेत, तर तो यादीतून काढून टाकावा का?

उत्तर : कृपया काढू नका. होस्ट (झॅबिक्सच्या यादीतील उपकरण) काढला की त्याच्या जुन्या नोंदीही जातात, आणि हाच स्विच याआधी किती वेळा बंद पडला होता हे दुरुस्ती करणाऱ्याने विचारले, तर दाखवायला काहीच उरत नाही. तो परत येईपर्यंत होस्ट ‘डिसेबल्ड’ (तात्पुरता बंद) ठेवावा. बदली स्विच आला, तर त्याच होस्टमधील आयपी पत्ता बदलावा. काही तासांच्या नियोजित कामासाठी मात्र ‘मेंटेनन्स’ कालावधी नेमणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण तो संपताच इशारे आपोआप सुरू होतात, तर डिसेबल्ड होस्ट पुन्हा चालू करण्याची आठवण माणसालाच ठेवावी लागते.