टीबीचा कोर्स संपला, खोकला का जात नाही?

प्रश्न : वडिलांनी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. वर्षभराने पुन्हा खोकला सुरू झाला, वजन उतरलं, थुंकीत रक्त येतं. थुंकी दोनदा निगेटिव्ह आली, तरी एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू करायचं चाललंय. करावं का?

उत्तर : नुसत्या एक्स-रेवर नको. आधी बुरशी तपासून घ्या. टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात कधीकधी पोकळी उरते. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू आपल्या सगळ्यांच्याच श्वासातून रोज आत जातात. धडधाकट फुप्फुस ते साफ करतं, पण पोकळीत ते रुजतात. मग खोकला, थकवा, रक्त, सगळं हुबेहूब टीबीसारखं.

रक्ताची तपासणी लिहून घेताना ‘अ‍ॅस्परजिलस आयजीजी’ (या बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजणारी) असंच लिहून घ्या. पुष्कळदा चुकून आयजीई ही दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी होते. ती अ‍ॅलर्जीच्या प्रकारासाठी. सोबत छातीचा सीटी स्कॅन. पोकळीत बुरशीचा गोळा दिसला तर उत्तम, पण तो नसला म्हणून आजार नाही असं नव्हे. थुंकीचं बुरशीसाठीचं कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणं) वेगळं सांगावं लागतं, कारण टीबीच्या कल्चरआधी नमुना कॉस्टिक सोड्याने धुतात आणि त्यात बुरशीही मरते. टीबीसाठी जीन एक्सपर्ट (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) केलीत तर जुन्या, मेलेल्या जंतूंमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, खात्री कल्चरनेच.

बुरशीचं निदान झालं तर बहुधा इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध, किमान सहा महिने. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही. नाहीतर ती अंगी लागत नाही. आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असेल तर इट्राकोनॅझोलचं रक्तातलं प्रमाण इतकं घसरतं की घेणं न घेणं सारखंच. कपभर रक्त पडलं तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मग डॉक्टरांना हे आधीच का सुचत नाही?

उत्तर : टीबी जास्त आढळतो, म्हणून तोच आधी डोक्यात येतो. शिवाय आयजीजी सगळीकडे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली तीच 2022 मध्ये. 19 बुरशींच्या त्या यादीत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे. बुरशीवरच्या औषधांचे मुख्य गटही मोजकेच. बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या इतकी जवळची की तिला मारणारं औषध आपल्यालाही सहज बाधतं. त्यातून शेतात फवारली जाणारी काही बुरशीनाशकं इट्राकोनॅझोलच्याच जातीची, त्यामुळे दाद न देणारी बुरशी रुग्णाने गोळी घेण्याआधीच तयार असू शकते. म्हणून कल्चरमध्ये बुरशी आली, तर तिच्यावर कोणतं औषध चालतं याचीही तपासणी मागा.