मोबाइलमधलं जंगल: वाचकांचे प्रश्न

गावातल्या जाणत्यांकडची वनौषधींची माहिती मोबाइलवर टिपणाऱ्यांची पत्रं वाढलीत. गोंधळ मात्र तोच तो, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: आजीचे व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. पुरे ना?

नाही. तिथे दर्जा घसरतो. मूळ फाइल हार्डडिस्कवर घ्या, दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. फाइलच्या नावात गाव, तारीख, सांगणारी व्यक्ती हवी. 'व्हीआयडी ००२३' वरून पुढच्या वर्षी तुम्हालाही काही कळणार नाही.

प्रश्न: आमचे वैदूबाबा थकलेत. पावसाळ्यानंतर सुरुवात केली तर चालेल?

आजच जा. कितीतरी कंदांची पानं पावसाळा सरला की वाळून जातात. मग बाबा दाखवणार काय?

प्रश्न: सगळं यूट्यूबवर टाकलं की त्यावर कुणाला पेटंट घेता येत नाही म्हणे. खरं का?

हे 'म्हणे' फार महागात पडतं. हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. १९९७ मध्ये ते रद्द झालं, कारण सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, हे ज्ञान नवं नाही असं दाखवणारे जुने छापील पुरावे पुढे ठेवले. पुढे अशी पेटंटं अडवायला २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. त्यात भर आहे तो आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. तुमच्या वैदूबाबांच्या तोंडी ज्ञानावर नाही. आणि सरकारनेही ते ग्रंथालय चव्हाट्यावर मांडलं नाही, पेटंट कार्यालयांना गोपनीयतेच्या करारावर दाखवलं. यूट्यूबवरचा व्हिडिओ पेटंट अडवायला कदाचित कामी येईल. पण झाड कोणतं, भाग कोणता, मात्रा किती हे कंपनीला फुकटात कळलं, तर नफ्यातला वाटा मागायचा कशाच्या जोरावर? असा वाटा मिळावा म्हणून जैवविविधता कायदा आहे, २००२ चा. त्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद ठेवण्याचं काम तिचं. आधी बाबांची संमती घ्या. काय उघड करायचं, काय झाकून ठेवायचं हे त्यांना ठरवू द्या. मग ग्रामसभेत विषय घ्या. कंपनीचा माणूस दारात आला असेल तर राज्य जैवविविधता मंडळाला विचारल्याशिवाय कागदावर सही नको.

प्रश्न: एक एजन्सी पंधरा दिवसांत नोंदवही तयार करून देते म्हणते.

शेजारच्या गावाची यादी, वर तुमच्या गावाचं नाव! पंधरा दिवसांत तिन्ही ऋतू कसे दिसणार? समितीने एकेक नोंद वाचून घेतल्याशिवाय बिल काढू नका.

प्रश्न: रेकॉर्डिंगमधला कळलावीच्या कंदाचा उपाय घरी करून पाहू का?

अजिबात नको. कंद विषारी आहे, जीव जाऊ शकतो. दुखणं डॉक्टरांना दाखवा.