जेलमध्ये पट्टे दिसतातच, मग ब्लॉटिंगची खटपट कशाला?

खानापूरहून तुम्ही विचारलंय की डीएनए जेलवर (लिबलिबीत थरावर) दिसतोच, मग तो पुन्हा मेम्ब्रेनवर, म्हणजे कागदासारख्या पातळ पडद्यावर, का घ्यायचा. यालाच ब्लॉटिंग म्हणतात. बेळगावात बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेताना मला दिसतं, की दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एकदम इंग्रजी पुस्तकं हातात आलेली आपली मुलं नेमकी इथेच अडतात. कृती पाठ होते, पण कारण कुणी सांगत नाही.

जेल तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करतं, एवढंच. माणसाचा सगळा डीएनए रेस्ट्रिक्शन एन्झाइमनं (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या प्रथिनानं) कापून चालवलात तर पट्टे दिसतच नाहीत, वरपासून खालपर्यंत सलग पुसट डाग दिसतो. त्यात लाखो तुकडे असतात. तुमचा जीन त्यात कुठे आहे हे प्रोबच (त्या जीनशी जोडी जमवणारा, खूण लावलेला तुकडा) दाखवतो, पण तो जेलच्या आत नीट शिरत नाही. शिवाय जेल फाटतं, ठेवलं तर पट्टे पसरतात. मेम्ब्रेनवर तेच तुकडे आपापल्या जागी घट्ट बसतात आणि प्रोबला सहज सापडतात.

एडविन सदर्न यांनी ही पद्धत १९७५ साली प्रसिद्ध केली, म्हणून तिचं नाव सदर्न ब्लॉटिंग. जेल आधी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात, त्यानं डीएनएचे दोन धागे सुटे होतात. सुट्या धाग्याशीच प्रोबची जोडी जमते. मग जेलवर मेम्ब्रेन आणि त्यावर कोरड्या कागदांची चळत. वात तेल ओढते तसे हे कागद खालचं द्रावण वर ओढतात, त्याबरोबर आलेला डीएनए मेम्ब्रेनवर अडकतो. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री वीज गेली तरी हे काम थांबत नाही.

आरएनए असाच जेलवरून मेम्ब्रेनवर घेतला की नॉर्दर्न ब्लॉटिंग. आरएनए फार लवकर तुटतो, तेवढं सांभाळा.

वेस्टर्न प्रथिनांसाठी. इथे प्रोबऐवजी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू), आणि ट्रान्सफर बहुधा विजेवर. एसडीएस या डिटर्जंटमुळे प्रथिनांवर ऋण भार असतो, म्हणून मेम्ब्रेन जेलच्या धन बाजूला हवी. उलटी लावली तर प्रथिनं बफरमध्ये (भोवतालच्या द्रावणात) जातात. माझ्या मते सगळ्यात समजून घेण्यासारखी पायरी ब्लॉकिंगची. मेम्ब्रेन कुठलंही प्रथिन धरते, आणि अँटिबॉडी हेसुद्धा प्रथिनच! मोकळ्या जागा आधी भरल्या नाहीत तर अख्खी मेम्ब्रेन काळी येते. त्यासाठी साय काढलेल्या दुधाच्या पावडरचं ५ टक्के द्रावण चालतं. फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधत असाल तर मात्र बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन) घ्या, कारण दुधातल्या केसीनवरही फॉस्फेट असतं.

आणि ब्लॉकिंगच्या आधी पॉन्सो एस हा रंग जरूर लावा. लाल पट्टे उमटले तर ट्रान्सफर झालं. पाण्यानं धुतलं की रंग निघून जातो, अँटिबॉडीला अडथळा होत नाही.